चौथा आणि पाचवा मुद्दा

देवदत्तनं वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. टक् असा एवढासा आवाज झाला, पण तेवढ्यानं अख्खा वर्ग थांबला.

"पेन किसने खोला?" अनुप सरांनी विचारलं. संगणक शिकवणारे अनुप सर स्वतः जन्मांध. त्यांचा चेहरा खिडकीकडे होता, बोट मात्र नेमकं देवदत्तच्या बाकाकडे.

"मेरे पापा हैं, सर," शेजारी बसलेली पूर्वा म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

"पापा जी, यहाँ बच्चे लिखेंगे. आप बाहर बैठिए. पंखा बरामदे में भी लगा है."

मुलं खुदखुदली. अमरावतीच्या शाळेत सातवीत असताना देवदत्तला एकदा वर्गाबाहेर काढलं होतं, त्यानंतर थेट आज, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, लखनौच्या इंदिरा नगरमध्ये. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. देवदत्त करंबेळकर वही काखेत मारून निमूट व्हरांड्यात गेला. तो पूर्वासाठी नोट्स काढायला बसला होता. आपल्या मुलीला काय लागतं, काय नाही, हे आपल्याएवढं कोणाला ठाऊक, अशी त्याची समजूत होती, आणि ती हलवायची आजवर कोणाची छाती झालेली नव्हती.

दोन हजार बाराचा जून होता. उन्हाळ्यासाठी बंद असलेल्या एका शाळेत एका संस्थेनं चार आठवड्यांचा वर्ग भरवला होता. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्यांचे हात मनासारखे चालत नाहीत, अशा मुलांना संगणक शिकवायचा. कोणासाठी मोठ्या अक्षरांचा पडदा, कोणासाठी संत्र्याएवढ्या गोळ्याचा माउस. पूर्वासारख्या मुलांसाठी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावर उमटलेलं सगळं कानात वाचून दाखवणारी एक व्यवस्था. अक्षर टाइप केलं की ते अक्षर बोलायचं, शब्द संपला की शब्द, ओळ संपली की ओळ. त्यातला आवाज यंत्राचा होता, आणि मुलं तो इतक्या वेगात ऐकायची की देवदत्तला त्यातलं एक अक्षर कळत नसे. फुटाण्यासारखी तडतड नुसती.

पूर्वा सोळा वर्षांची. चौथीत असताना डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू झाला आणि पाचवी संपेपर्यंत उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. घरी देवदत्त आणि मधुमती तिच्याशी मराठीत बोलत, ती हिंदीत उत्तर देई, कधीमधी मराठीत. या वर्गात ती एकच गोष्ट शिकायला आली होती. तिला आपला पेपर आपल्या हातानं लिहायचा होता.

शाळेनं तशी अट घातली होती. वर्गाच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या उपप्राचार्या लीलावती मॅडम येऊन तिची तासाभराची चाचणी घेतील. त्यांचं समाधान झालं तर अकरावीपासून पूर्वानं एकटीनं, संगणकावर, परीक्षा द्यायची. नाही झालं तर शाळा मिळेल तो लेखनिक देईल. पूर्वा सांगेल, तो लिहील. आजवर चालत आलं तसंच.

आजवरचा लेखनिक देवदत्त होता.

*

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी मधुमती हजरतगंजच्या बँकेतून घामाघूम होऊन घरी आली आणि पर्स ठेवायच्या आधीच म्हणाली,

"अरे, मी आज लीलावती मॅडमना फोन केला. एक मस्त सुचवलं त्यांना."

देवदत्त कूलरमध्ये पाणी भरत होता. "काय?"

"म्हटलं, नवीन प्रश्न कशाला काढता? पूर्वाची दहावीची उत्तरपत्रिका तुमच्याकडेच आहे. त्यातलेच तीन प्रश्न द्या, आणि जुनी उत्तरं, नवी उत्तरं शेजारी ठेवून बघा. आपोआप कळेल की संगणकावर ती कुठे कमी पडत नाही. त्यांना एकदम पटलं. सामाजिक शास्त्राचा पेपर घेणारेत."

बादलीतलं पाणी कूलरच्या कडेवरून फरशीवर आलं. मधुमती "अरे, अरे" करत फडकं आणायला धावली. देवदत्तनं बादली खाली ठेवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. बायको साधेपणानं, आनंदानं बोलत होती आणि हा तिच्याकडे न बघता फरशीवरचं पाणी पायानं सारत होता.

त्या वर्षी दहावीची परीक्षा बोर्डाऐवजी आपल्याच शाळेत देता येत असे. खालच्या वर्गातली जी मुलगी लेखनिक म्हणून ठरली होती तिला ऐन वेळी कांजिण्या आल्या. शाळेनं सांगितलं, घरचंच कोणी बसेल तर बसू द्या, पोरीला त्याची सवयही आहे. वेगळी खोली मिळाली. देखरेखीच्या बाई दारात खुर्ची टाकून स्वेटर विणत होत्या. पूर्वाला ए-वन ही सर्वांत वरची श्रेणी मिळाली. स्थानिक हिंदी पेपरात तिचा फोटो आला आणि खाली मथळा, 'दृष्टिहीन छात्रा ने रचा इतिहास'. मधुमतीनं ते कात्रण फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं होतं.

आणि देवदत्त त्या फ्रेमकडे फारसा बघत नसे.

सुरुवात फार साधी होती. आठवीत एकदा भूगोलाच्या उत्तरात पूर्वा एका शब्दाला अडली. तो शब्द आदल्या दिवशी त्यांनी दोघांनी मिळून तीनदा म्हटला होता. तिला येत होतं, फक्त त्या क्षणी आठवत नव्हतं. देवदत्तनं शब्द लिहून टाकला. एवढंच. मग नववीत एखादं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं झालं. मग एखादं उदाहरण. दहावीत मुद्देच्या मुद्दे. बोट दिलं की मनगट धरतात असं म्हणतात, इथे बोटही त्याचंच होतं आणि मनगटही. प्रत्येक वेळी त्याच्याकडे कारण तयार असे. डोळस मुलं पेपर चाळून पुन्हा मागे जातात, सुचलं की भर घालतात, तिला ते करता येत नाही. मग कोणीतरी ते करायला नको का? तिच्यावर एवढा अन्याय झालाच आहे, त्यात हा थोडा न्याय.

लेखनिकानं लिहून झालं की ते वाचून दाखवायचं असतं, असा नियम आहे. सुरुवातीला पूर्वा म्हणायची, "बाबा, वाचून दाखवा ना." देवदत्त तिचं तेवढं वाचायचा आणि आपलं गाळायचा. पुढे पुढे तो म्हणू लागला, "वेळ नाही गं, पुढचा प्रश्न घे." मग केव्हातरी तिनं म्हणणं सोडून दिलं.

आणि हाच माणूस प्रयोगशाळेत कसा? दोन वर्षांपूर्वी हरिहर नावाच्या त्याच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात एक परिच्छेद दुसऱ्याचा निघाला, खाली नाव नाही. देवदत्तनं त्याला अख्खं प्रकरण पुन्हा लिहायला लावलं. बिचाऱ्याचे सहा महिने गेले. त्या दिवशी जेवताना देवदत्त टेबलावर हात आपटून म्हणाला होता, "दुसऱ्याचं आहे ना? खुशाल वापर. पण नाव लिही. नाव लिहिलं तर अभ्यास, नाही लिहिलं तर चोरी." लोका सांगे ब्रह्मज्ञान! समोर पूर्वा वरणभात कालवत बसली होती. तिनं हात थांबवून ऐकलं होतं.

*

गुरुवारी सकाळी पूर्वाला सोडायला गेला तेव्हा देवदत्तनं अनुप सरांना व्हरांड्यात गाठलं.

"सर, मुझे लगता है, टेस्ट एक महीना आगे कर देते. अभी उसकी स्पीड..."

"स्पीड तो उसकी सबसे अच्छी है."

"मतलब, आदत नहीं हुई अभी."

अनुप सरांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "करंबेळकर जी, वह तैयार है. दिक़्क़त क्या है, आप बताइए. मैं मैडम से बात कर लूँगा."

दिक़्क़त काय ते देवदत्तला सांगता आलं असतं तर आणखी काय हवं होतं? तो म्हणाला, "नहीं, कुछ नहीं, ऐसे ही," आणि रुमालानं मान पुसत गाडीकडे गेला. सकाळचे साडेआठ आणि ऊन असं की स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता.

दिवसभर तो प्रयोगशाळेत नुसता बसून राहिला. हिशेब सरळ होता. पूर्वाला जे येतं ते ती लिहील. जुन्या उत्तरपत्रिकेत त्याहून जास्त असेल. मॅडम म्हणतील, संगणकावर ही कमी पडते, परवानगी नाही. आणि त्या जरा जास्त विचार करणाऱ्या निघाल्या तर म्हणतील, आधीचं जास्त कुठून आलं? मग दहावीचा निकाल, अकरावीचा प्रवेश, सगळंच उकरलं जाईल. पोरीनं स्वतः कमावलेलं जे खरं होतं तेही त्यानं घातलेल्या भरीबरोबर वाहून जाईल. आपण तिला काही दिलं नाही, तिचं होतं त्यातलं घालवलं, हे देवदत्तला त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट दिसलं, आणि त्याला जेवण गेलं नाही.

उरला एकच मार्ग. जे मुद्दे तिचे नव्हते ते तिचे करायचे.

शुक्रवारी संध्याकाळी पूर्वा पलंगावर मांडी घालून, जुना लॅपटॉप पुढ्यात घेऊन सराव करत होती. विकास नगरच्या त्यांच्या घरात कूलरचा आवाज घुमत होता. मधुमती भाजीला गेली होती. देवदत्त खुर्ची ओढून बसला.

"उद्याची उजळणी करायची का थोडी?"

"हो गई मेरी."

"तरी. वनांचं उत्तर सांग बरं. वनं का जपली पाहिजेत."

पूर्वानं एका कानातला इअरफोन काढला. "पानी और मिट्टी. जानवरों के घर. जंगल पर जीने वाले लोग. तीन पॉइंट."

"तीन?" देवदत्तनं आवाज शक्य तितका सहज ठेवला. "पाच होते ना?"

कळफलकावर एफ आणि जे या अक्षरांवर बारीक उंचवटे असतात, त्यावर पहिली बोटं ठेवायची असं तिला शिकवलं होतं. तिची दोन्ही बोटं त्या उंचवट्यांवर येऊन थांबली.

"कौन से?"

"चौथा, नुसत्या सागाची लागवड केली की नकाशावर जंगल वाढलेलं दिसतं, पण आतली जीवसृष्टी घटते. आणि पाचवा, घाणेरीसारखी बाहेरून आलेली झुडपं. ती पसरतात आणि मूळच्या रोपांना वर येऊ देत नाहीत. म्हणून जंगल जपायचं म्हणजे नुसती झाडं मोजायची नाहीत."

"ये मैंने लिखा था?"

कूलर घुमत राहिला. देवदत्तनं खुर्ची थोडी पुढे ओढली.

"तू लिहिलं होतंस."

पूर्वाचा चेहरा त्याच्याकडे वळलेला नव्हता, तो वळायची तिला गरजही नव्हती. ती म्हणाली, "फिर से बताइए. धीरे."

त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं मधेच विचारलं, घाणेरी म्हणजे तीच का, बाबांच्या प्रयोगशाळेच्या कुंपणावरची, जिच्या फुलांचा वास उग्र असतो. तो म्हणाला, तीच. तिनं मान हलवली, इअरफोन कानात घातला आणि पुन्हा टाइप करू लागली. बाकीचे प्रश्नही त्यानं काढले, त्यात मात्र फारसा फरक नव्हता, इकडेतिकडे एखादं वाक्य. खरा घोळ होता तो जंगलातच. शास्त्रज्ञाला आपला विषय आला की राहवत नाही, तसं झालं होतं.

जरा हायसं वाटलं त्याला. आणि हायसं वाटलं म्हणून लाजही वाटली.

*

शनिवारी लीलावती मॅडम बरोबर नऊला आल्या. सुती साडी, पाण्याची बाटली, काखेत फाइल. त्या फाइलच्या कडेतून जुन्या उत्तरपत्रिकेचा निळसर कोपरा डोकावत होता. देवदत्तनं आपलं अक्षर तेवढ्यावरूनही ओळखलं.

"देखिए डॉक्टर साहब," त्या व्हरांड्यात म्हणाल्या, "मैं तो चाहती हूँ कि हो जाए. पर मुझे मैनेजमेंट को जवाब देना है. इधर कम निकला तो वो मना कर देंगे. और बहुत कम निकला तो पूछेंगे कि क्यों."

"जी."

"आप टेंशन मत लीजिए. बच्ची होशियार है."

देवदत्त बाहेरच थांबला. आज कोणाला सांगावं लागलं नाही. जाळीच्या दारातून त्याला पूर्वाची पाठ, तिची वेणी आणि पलीकडे भिंतीला टेकून उभे असलेले अनुप सर दिसत होते. मॅडमनी प्रश्न मोठ्यानं वाचले. तीन प्रश्न. पहिला इतिहासाचा, दुसरा नागरिकशास्त्राचा.

तिसरा वनांचा.

देवदत्तनं दाराची चौकट धरली.

पूर्वाची बोटं चालू झाली. तीन आठवड्यांपूर्वी ती एकेक कळ चाचपत होती, आता संथ पण न थांबता टाइप करत होती. मधे थांबून ऐकायची, मागे जायची, काहीतरी पुसायची, पुन्हा लिहायची. देवदत्त हे पाहत राहिला. मागे जाणं, पुसणं, भर घालणं. तिला करता येत नाही म्हणून जे तो तिच्या वतीनं करत आला होता ते ती करत होती, आणि कोणाला विचारत नव्हती.

वीस मिनिटं झाली आणि वीज गेली.

कूलर घरघरत थांबला. पंखा सावकाश थांबला. टेबलाखालच्या बॅटरीनं पीं पीं करायला सुरुवात केली. देवदत्त दार उघडून आत जाणार तोच अनुप सरांनी तळहात वर केला.

"कोई नहीं हिलेगा. पूर्वा, सेव किया?"

"हर लाइन पे करती हूँ, सर."

"बैटरी दस मिनट है. लिखती रहो. जनरेटर आ रहा है."

ती लिहीत राहिली. पीं पीं चालू होतं, मॅडम फाइलनं वारा घेत होत्या, पूर्वाच्या मानेवरून घामाची रेघ कॉलरमध्ये उतरली. देवदत्त घड्याळाकडे बघत होता. बॅटरी संपली तर बरं, चाचणीच रद्द होईल, असा विचार त्याच्या मनात आला. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची इतकी घृणा वाटली की त्यानं डोळे मिटून घेतले. मागच्या अंगणात जनरेटर दोनदा खोकला आणि सुरू झाला. पीं पीं थांबलं.

आता तिसरं उत्तर. मुद्दा संपला की पूर्वा एंटरची कळ दोनदा दाबते, हे एव्हाना त्याला आवाजावरून कळत होतं. टकटक, पहिला. टकटक, दुसरा. मग बराच वेळ लिहिणं. टकटक, तिसरा.

आणि मग काहीच नाही.

तिचे हात कळफलकावर होते, पण हलत नव्हते. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. विसरली, देवदत्तला वाटलं. काल सांगितलेलं विसरली. त्याचे ओठ आपोआप हलू लागले, साग, घाणेरी, साग, घाणेरी. तिथून तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. निदान तो तशी प्रार्थना करत होता की शक्य नसावं, आणि त्याच वेळी असावं अशीही.

पूर्वानं पाठ सरळ केली आणि लिहायला लागली. टकटक. टकटक.

पाच.

देवदत्त व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

*

छापलेले दोन कागद गरम गरम बाहेर आले. मॅडमनी देवदत्तला आत बोलावलं, चष्मा लावला आणि जुनी उत्तरपत्रिका शेजारी उघडून ठेवली. पहिलं उत्तर वाचून मान हलवली. दुसऱ्यात दोनतीन टाइपच्या चुका होत्या, त्यांनी त्याखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "ये तो चलता है." मग तिसरं. त्यांचं बोट जुन्या उत्तरावरून खाली जाई, मग नव्यावरून. एक. दोन. तीन.

बोट थांबलं.

"ये क्या लिखा है, बेटा?"

उत्तर इंग्रजीत होतं. मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं: 'यापुढचे दोन मुद्दे माझे नाहीत. ते डॉ. देवदत्त करंबेळकर यांचे आहेत. त्यांच्या मते केवळ सागाची लागवड केल्यानं...' आणि पुढे चौथा आणि पाचवा मुद्दा, काल संध्याकाळी त्यानं सांगितला होता तसाच, एकही शब्द न गाळता.

मॅडम खळखळून हसल्या. "अरे वाह! पापा का नाम भी लिख दिया! डॉक्टर साहब, ऐसा तो कॉलेज वाले भी नहीं करते."

पूर्वा हसली नाही. देवदत्तला तिच्याकडे बघवेना.

"घर पे यही सिखाया है," ती म्हणाली. "दूसरे का हो तो नाम लिखना."

"बहुत अच्छे." मॅडमनी सहज म्हणून जुनी उत्तरपत्रिका पुन्हा जवळ ओढली. त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली. "इसमें तो नाम नहीं था..." त्यांनी पान उलटलं, परत मागे आणलं. मग त्यांनीच खांदे उडवले. "चलो, तब याद नहीं रहा होगा. पाँच के पाँच हैं, मुझे और क्या चाहिए."

त्यांनी फाइलमधून एक फॉर्म काढून देवदत्तपुढे सरकवला. "मेरी तरफ़ से हाँ है. आप नीचे साइन कर दीजिए. ऊपर अभिभावक की टिप्पणी का कॉलम है, वो ज़रूरी नहीं है. ख़ाली छोड़ दीजिए."

सुटला होता तो. कोणी काही विचारलं नव्हतं, कोणी विचारणारही नव्हतं. पूर्वानं आपल्यापुरतं खरं लिहून टाकलं होतं आणि त्याला पळायला वाटही ठेवली होती. तीन ओळींचा एक रिकामा चौकोन आणि खाली सहीची रेघ.

देवदत्तनं खिशातून पेन काढलं. टोपण काढलं. टक्.

टेबलापलीकडे पूर्वाची मान त्या आवाजाकडे वळली.

निब कागदाला लागली आणि खरखर सुरू झाली. बाबांची सही किती वेळाची असते हे पूर्वाला पाठ होतं. एक लांब ओढ, दोन छोट्या, एक टिंब. ती खरखर त्याहून लांबली. मग आणखी लांबली. पूर्वाच्या चेहऱ्यावरचं सगळं आवळून आलं, आणि ते पाहून देवदत्तला कळलं की ही पोर किती वर्षं हे ऐकत आली आहे. तिचं बोलणं संपल्यावर चालू राहणारं पेन. आठवीपासून, प्रत्येक पेपरात, वेगळ्या खोलीत, तोंडातून अवाक्षर न काढता.

त्याचा हात अडखळला, पण थांबला नाही. शेवटचा शब्द लिहून झाल्यावरच थांबला.

"बाबा," पूर्वा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "वाचून दाखवा."

लीलावती मॅडमनी फॉर्म घ्यायला हात पुढे केला होता. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण त्यांचा हात तिथेच राहिला. अनुप सर भिंतीपाशी न हलता उभे होते.

देवदत्तनं कागद उचलला. तीन ओळी होत्या, हिंदीत लिहिलेल्या. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा त्या वाचणं अवघड होतं.

"'दसवीं की परीक्षा में लेखक मैं था,'" त्यानं वाचलं. "'उन उत्तरों में जो ज़्यादा था, वह मैंने अपनी तरफ़ से जोड़ा था, पूर्वा से पूछे बिना. आज के काग़ज़ पर जो है, सब उसी का लिखा है.'"

मॅडमनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"और?" पूर्वानं विचारलं.

"बस. एवढंच."

"काही गाळलं नाही ना?"

"नाही."

तिनं टेबलावरून हात पुढे सरकवला, कागदाची कड सापडली तशी दोन बोटांनी ती दाबून धरली. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत होता.

"मग आता सही करा," ती म्हणाली.

देवदत्तनं सही केली. एक लांब ओढ, दोन छोट्या, एक टिंब. पेनाला टोपण लावलं, आणि तो आवाज ऐकल्यावर पूर्वानं कागदावरची बोटं उचलली.